डिसेंबरात लंडनला मित्रांकडे जाताय? मग 'मसाया' गाऊन या

नाताळाच्या सुमारास इंग्लंडात संगीतकार हँडेलचा 'मसाया', म्हणजे येशू ख्रिस्तावरची समूहगानाची मोठी रचना, गावोगावी होतो. त्यातला 'स्क्रॅच' किंवा 'कम अँड सिंग' प्रकार पाहुण्यांच्या सोयीचा: दुपारी एकच तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हे 1974 पासून चालू आहे आणि तिथे हजारो लोक एकत्र गातात. धर्म कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, की सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), आल्टो (बायकांचा खालचा), टेनर (पुरुषांचा उंच) की बास (पुरुषांचा खालचा)? तिकीट आवाजाप्रमाणे मिळतं, म्हणून मित्राला ते काढायला सांगण्याआधी स्वतःचा आवाज ओळखा.

आपल्याकडे पेटीच्या काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या बायका हमखास सोप्रानो मागतात, कारण चाल तिथे असते. सोप्रानोला वरच्या ए पर्यंत (पेटीवरची पांढरी सहा) जावं लागतं. काळी पाचचा सा धरला तर तो तार सप्तकातला शुद्ध नी होतो. खुल्या आवाजात तो लागत नाही आणि ओढून लावला तर शेजारच्या दहा जणींना त्रास. आल्टोचा पल्ला साधारण मंद्र नी ते तार गंधार. तिथेच बसा.

स्वरलिपी वाचता येत नसली तरी निभतं, पण फक्त आपल्याच भागाचं रेकॉर्डिंग ऐकून, पुस्तकावर बोट ठेवत महिनाभर तरी रियाज हवा. पुस्तक आयोजक सांगतील त्याच आवृत्तीचं घ्या. बहुतेक ठिकाणी नोव्हेलो या प्रकाशकाची, वॉटकिन्स शॉने संपादित केलेली आवृत्ती चालते. प्राउटने संपादित केलेली जुनी आवृत्ती नेलीत तर वृंदसंचालक पान सांगेल आणि तुम्ही भलतंच उघडून बसाल. पेन्सिल हवीच, श्वासाच्या जागा खुणावायला. लांब स्वरावर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की भोक पडतं, म्हणून शेजारणीच्या आधी किंवा नंतर घ्यायचा, तोही शब्दाच्या मध्येच चोरून.

'फॉर अन्टू अस' या 'मसाया'तल्या समूहगीतामधल्या 'बॉर्न'वरच्या लांब ताना आपल्या लोकांना सोप्या वाटतात आणि तिथेच घोळ होतो. तान दाणेदार हवी, गमक नको, आवाज हलका. जोर लावला की लय मागे ओढली जाते, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आवाज तसाही उशिरा पोचतो. म्हणून कानांवर विसंबू नका, संचालकाच्या हातावर डोळे ठेवा. मींड तर पूर्ण विसरायची. स्वर थेट लागला पाहिजे, कारण शेकडो जण आपापल्या वेगाने घसरले की सूरच उरत नाही. उच्चारांत आपला 'र' कडक पडतो: 'लॉर्ड'मधला जवळजवळ गिळायचा. शब्दाच्या शेवटचा 'स' संचालकाच्या इशाऱ्यावरच, नाहीतर सगळीकडून फुसफुस.

सगळ्यात प्रसिद्ध समूहगीत 'हालेलुया' पांढरी दोनमध्ये आहे. 'किंग ऑफ किंग्ज'ला सोप्रानो आधी पंचमावर असतात, मग लांब स्वरांनी तार सा, रे, ग, म अशा चढतात. खाली बाकीचे 'फॉरएव्हर' ठोकत असतात. चढताना प्रत्येक पायरी थोडी कमी लागते आणि मध्यमापर्यंत सूर उतरलेला असतो. पुढची पायरी यायच्या आधीच ती मनात वर धरा. 'हालेलुया' सुरू होताच श्रोते उभे राहतात. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला म्हणून, असं सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही.

खरी फजिती 'हालेलुया'च्या शेवटी असते. 'हालेलुया' हा शब्द लागोपाठ येतो, वेग अंगात भिनलेला असतो आणि अचानक पूर्ण शांतता. त्या शांततेत एक तरी उत्साही माणूस एकटाच 'हा' म्हणतो. तो तुम्ही नसावा, यासाठी त्या गीताच्या शेवटच्या पानावर त्या विरामाभोवती पेन्सिलीने मोठं वर्तुळ काढा आणि ते आलं की तोंड मिटा. मगच संथ, शेवटचं 'हालेलुया', मध्यमाच्या स्वरसंघावरून षड्जाच्या स्वरसंघावर.