कुलपातली घरं आणि टिनातली माणसं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात जुन्या पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीवरच्या मूळ गावठाणात, बंद घरं शोधावी लागत नाहीत. ज्या दारापुढं सडा नाही आणि ओट्यावर तरोटा माजलाय, ते घर बंद. कुलूप इथं, किल्ली पुण्याला नाहीतर नागपूरला. आणि गावाबाहेर ई-क्लासवर, म्हणजे सरकारी पडीक-चराईच्या जमिनीवर, टिनाच्या खोपड्यांत माणसं राहतात, त्यांची नावं घरकुलाच्या ‘प्रपत्र ड’मध्ये, म्हणजे प्रतीक्षा यादीत. मी एक टर्म सरपंच होते. दोन्हीकडचे कागद माझ्याच टेबलावर यायचे, पण एकाचा दुसऱ्याशी कधी संबंध आला नाही.

मध्यंतरी पुतण्याचा फोन आला. तो आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ असतो, तिकडच्या भाड्यानं टेकीस आलाय. म्हणे, “काकू, पडीक घर घेतो. दुरुस्तीले सरकार पैसे देते.”

“काहून बाप्पा, पडक्या घराले कोण पैसे देते?”

पण खरंच देतात. तिथं २०२२ च्या जनगणनेत १,६६,७५२ घरं रिकामी निघाली होती. त्याच वर्षी त्यांनी हे अनुदान सुरू केलं, आधी छोटी शहरं आणि गावांपुरतं, मग मोठ्या शहरांना आणि बाकीच्या ग्रामीण भागालाही. २००७ पर्यंत बांधलेलं आणि किमान दोन वर्षं रिकामं पडलेलं घर दुरुस्त करायला ५० हजार युरोपर्यंत मिळतात, अगदीच मोडकळीस आलेलं असेल तर ७० हजारांपर्यंत. घर रिकामं होतं हे दाखवायला विजेची बिलंसुद्धा चालतात. दुरुस्त केल्यावर त्यात स्वतः राहायचं किंवा भाड्यानं द्यायचं. पाच वर्षांच्या आत विकलं तर सगळे पैसे परत, पाच ते दहा वर्षांत विकलं तर पाऊण हिस्सा परत. शिवाय घर नुसतं रिकामं ठेवलं तर त्यावर वेगळा कर. आपल्याकडे बंद घराची घरपट्टी काही शे रुपये, आणि तीही थकलेली!

रकमेवर जाऊ नका, त्यांचा पगार वेगळा, आपला वेगळा. मला त्यातली दिशा पटली. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे अडीच कोटी घरं रिकामी होती, तरी घरकुलाचा पैसा फक्त नवीन बांधकामाला. सपाटीच्या भागात १ लाख २० हजार, त्यात राज्यानं आता ५० हजारांची भर घातली. वर रोहयोतून ९० दिवसांची मजुरी, संडासाचे १२ हजार, पाच ब्रास रेती मोफत. घर किमान २५ चौरस मीटरचं. जागा नसेल तर जागा घ्यायलाही वेगळं अर्थसाहाय्य आहे. पण उभ्या भिंतीवर कवेलू फेरायला एक रुपया नाही. इंदिरा आवासमध्ये १९९९ पासून पाचवा हिस्सा कच्ची घरं सुधारायला ठेवला होता. तो रस्ताच बंद झाला.

आमच्या शेजारचंच घर घ्या. सागवानी खांब, मयालीला, म्हणजे छताच्या तुळईला, वाळवी नाही, भिंत दीड हात जाड. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना त्या ओसरीत गोधडी टाकून झोप लागते, इतका गारवा. मागच्या बाजूला कवेलू सरकले आहेत, तिथून पाणी उतरून एक कोपरा खचला. आमच्या गवंड्यानं भिंतीवर थापीची मूठ ठोकत ठोकत चक्कर मारली. म्हणाला, “भितीचं पोट नाही फुगलं, वयनी. कोपरा बांधा, कवेलू फेरा, लायटीची फिटिंग नवी करा, संडास काढा. पोरं म्हातारी होतील याच्यात.”

उलट ई-क्लासवरची घरकुलं पाहा. तिथं काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पैशाअभावी पाया उथळ घेतला की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तडा. जुन्या लोकांनी पांढरी उगाच निवडली नव्हती.

आयर्लंडचा सगळा नियम मात्र आपल्याकडे चालणार नाही. तिथं आधी काम करा, तपासणी झाली की पैसे. आमच्याकडं असं केलं तर लाभार्थी सावकाराच्या दारात, आणि घराआधी व्याज उभं राहील. आपले घरकुलाचे हप्ते बरे, जोत्याचा फोटो, छज्जाचा फोटो, तसे पैसे. अभियंता साहेब म्हणतात दुरुस्तीचे टप्पे मोजता येत नाहीत. का नाही? आधी कोपरा, मग छत, मग वीज-पाणी. प्रत्येकाचा फोटो निघतो की.

खरी अडचण मालकांची. नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत, अजून आजोबाचं नाव, वारस चार गावांत. गावठाणातली घरं मोजणाऱ्या स्वामित्व योजनेचं ड्रोन येऊन गेलं, हद्द कळली, पण ड्रोन काही वाटणी करून देत नाही. आणि सगळ्यांना एकच भीती, ‘कूळ लागलं तर?’ म्हणून घर पडलेलं चालतं, दिलेलं चालत नाही.

माझं म्हणणं, करार मालक आणि ग्रामपंचायतीत व्हावा. दुरुस्तीचा पैसा सरकारचा, दहा वर्षं घर ‘प्रपत्र ड’मधल्या कुटुंबाला, नंतर मालकाचं मालकाला. भाडं माफक, तेही पंचायतीमार्फत, म्हणजे कुळाचा प्रश्न नाही. घरपट्टी त्यातूनच वळती करायची. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा ठराव मांडणार आहे. वर काय होईल ते होवो, कागद तर जाऊ द्या.

त्याआधी शेजारच्या घराच्या मालकाला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, “काकू, भाऊ तयार असला तर माझी काही हरकत नाही.” नागपूरच्या भावाला लावला. तो म्हणाला, “आधी वाटणी होऊ द्या.” आता या दोघा भावांची बहीण उमरखेडला दिली आहे, तिची सही राहिली.