स्वित्झर्लंड, आईचं मनगट आणि विम्याची पॉलिसी

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३-४४ ला टेकला, तेव्हा आम्ही आई-अण्णांना घेऊन स्वित्झर्लंडला निघालो. सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, तिथून आखातात विमान बदलून झुरिक. परत आल्यापासून बर्फापेक्षा विम्याचीच चौकशी जास्त होतेय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, विमा सक्तीचा आहे. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना लागू, शिवाय वेळ आलीच तर मायदेशी आणण्याचा खर्च धरून. नवी पेठेतल्या एजंटाने नेमकी तेवढ्यापुरती, स्वस्तातली पॉलिसी पुढे केली. "व्हिसा होतंय की ओ, अजून काय पायजे?" कागद चाळले तर साठीपुढच्यांसाठी आत छोट्या छोट्या मर्यादा: खोलीभाडं इतकंच, सर्जनची फी इतकीच. वरचा आकडा दिसायला मोठा, हातात पडणार तुटपुंजा. आम्ही थोडे पैसे जास्त घालून अशा उपमर्यादा नसलेली, ५०,००० डॉलरची घेतली. म्हातारी माणसं बरोबर असतील तर एवढं एक कलम तरी वाचाच.

फॉर्ममध्ये अण्णांची शुगर लिहिली. अण्णा कुरकुरले, "कशाला सांगायचं, हप्ता वाढवतेत." वाढू दे. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर येतो आणि सगळंच नाकारलं जाऊ शकतं. सांगितलं तरी जुन्या आजाराला बहुतेक पॉलिस्या जिवावर बेतलं तरच पैसे देतात. म्हणून गोळ्या पुरून उरतील इतक्या घ्या, त्याही हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

झुरिकला आमची एक बॅग आलीच नाही. विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआर नावाचा कागद घ्यायचा. त्याशिवाय पुढे कुणी दाद देत नाही. बॅग दुसऱ्या दिवशी हॉटेलवर आली.

खरी परीक्षा ल्युसर्नला. तिथला लाकडी चॅपल ब्रिज चौदाव्या शतकातला, १९९३ च्या आगीत बराचसा जळालेला आणि पुन्हा उभारलेला. छताखालची त्रिकोणी चित्रं बघत आई पुलावरून उतरली आणि पायरी चुकली. मनगट बघता बघता टम्म फुगलं. जिवावरचं असतं तर आधी १४४ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली असती. हे तसं नव्हतं, म्हणून बायकोने आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. पलीकडून पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर, कुठे आहात, काय झालं एवढंच विचारून केस नंबर दिला. हा फोन न करता भरती झालात तर कॅशलेस, म्हणजे कंपनीने दवाखान्याला परस्पर पैसे देणं, अडकू शकतं. पॉलिसीची छापील प्रत जवळ ठेवा, फोनची बॅटरी अशाच वेळी मान टाकते.

दवाखान्यात एक्स-रेआधी पाटली काढायची होती. सुजेतून ती निघेना, नर्स कटर घेऊन आली. आईने हात मागे घेतला. "तिला सांग, आधी साबण लाव." साबण लागला, पाटली सुटली, मग तोंडातून "आई गं" निघालं! हाड चिरलेलं होतं, प्लास्टर झालं. भरती नाही म्हणजे आमच्या पॉलिसीत कॅशलेस नाही; कार्डाने पैसे भरले. रिपोर्ट जर्मनमध्ये होता, तिथेच मागून इंग्रजी प्रत घेतली. इथे येऊन ईमेल करत बसण्यापेक्षा हे बरं.

प्लास्टरसकट आई युंगफ्राउयोखला आली. ३,४५४ मीटर उंची, पण थेट रेल्वेच जाते. इंटरलाकेनला भाच्याला पॅराग्लायडिंग करायचं होतं. साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. वेगळा हप्ता भरलेला नसेल तर पडलात की खर्च तुमचा. तो रुसला, आम्ही बधलो नाही.

क्लेमला मूळ बिलं, कार्डाची पावती, डॉक्टरांचा रिपोर्ट, पासपोर्टवरचे जाण्या-येण्याचे भारतीय शिक्के आणि बोर्डिंग पास लागले. मोबाईलमधला पास प्रवास झाल्यावर ॲपमधून गायब होतो, तेव्हा लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्या पॉलिसीत सुरुवातीचे १०० डॉलर आपल्या पदरचे होते, ते वजा होऊन बाकीचे खात्यात आले. प्लास्टर मात्र सोलापुरात सात रस्त्याजवळ काढलं, ते बिल आमच्या पॉलिसीत बसलं नाही.