हरवलेली मिनिटं सापडली (बहुतेक)

मागच्या नोंदीतलं रडगाणं आठवत असेलच. एल१वर (पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किमीवरची जागा, तिथली यानं सौरवारा मोजतात) उडी दिसली की माझा प्रोग्राम मॅग्नेटोपॉजला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या बाहेरच्या सीमेला, धडक कधी बसणार ते सांगतो, आणि जमिनीत पुरलेला माझा फ्लक्सगेट (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) मात्र वीसेक मिनिटं आधीच उडी मारून मोकळा होतो. लॉगरचं घड्याळ तपासलं, वायर बदलली, सेन्सर उकरून पुन्हा पुरला. ढिम्म फरक नाही.

चूक माझ्याच एका ओळीत होती! १५ लाख किमीला मी सौरवाऱ्याच्या वेगाने भागत होतो, तोही आधीच्या तासाच्या सरासरीने. पण धडकतो तो शॉक, म्हणजे वेगवान वाऱ्याच्या पुढे धावणारी आघात-लाट, आणि तो मागून येणाऱ्या वाऱ्याहूनही जोरात पळतो. दोन्ही बाजूंचे 'घनता गुणिले वेग' काढायचे, त्यांची वजाबाकी करायची आणि घनतांच्या फरकाने भागायचं. परवा आधी दर घनसेंमीला ५ प्रोटॉन आणि ४०० किमी/से होते, नंतर १५ आणि ५५०. शॉकचा वेग आला ६२५! साडेबासष्टऐवजी ४० मिनिटं. फ्लक्सगेटवर उडी आली ४३व्या मिनिटाला: एचमध्ये (क्षेत्राच्या आडव्या घटकात) २६ नॅनोटेस्ला, सुरीने कापल्यासारखी. तो आलेख अजून स्क्रीनवरून हटवलेला नाही. (फोनमधल्या होकायंत्राच्या चिपवर हेच करू म्हणणाऱ्यांनो, तिच्या गोंगाटात ही उडी शोधून दाखवा.)

सीमेचं गणितही बसलं. सौरवाऱ्याचा दाब १.३ वरून ७.६ नॅनोपास्कल झाला. बीझेड (सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, उणे म्हणजे दक्षिणमुखी) शून्याच्या आसपास होतं, म्हणून दाब आणि बीझेडवरून सीमा काढणाऱ्या श्यूच्या १९९८च्या सूत्राने सूर्याकडचं टोक १०.९ वरून ८.४ पृथ्वीत्रिज्यांवर आलं. दाब जवळजवळ पावणेसहापट होऊनही सीमा अडीच त्रिज्याच हटली, कारण आत शिरावं तसं पृथ्वीचं क्षेत्र भराभर तगडं होत जातं. त्याच दाबाला बीझेड उणे १० घालून पाहिलं, तर ७.२! दक्षिणमुखी क्षेत्र सीमा नुसती दाबत नाही, सोलून काढतं. तरी ६.६ त्रिज्यांवरचा गोज हा भूस्थिर हवामान उपग्रह सीमेच्या आतच राहिला असता.

उरली ती तीन मिनिटं. बो शॉकनंतर (पृथ्वीच्या पुढ्यात सौरवाऱ्यात कायम उभा असलेला शॉक) सगळं मंदावतं, ते मी धरलेलं नाही. शिवाय शॉकची आघाडी सरळ येत नाही, तिरकी येते. को-प्लॅनॅरिटीने, म्हणजे आधीच्या-नंतरच्या चुंबकीय सदिशांवरून, तिरकेपणा काढायला बसलो होतो. पण ते दोन सदिश जवळजवळ समांतर असले की उत्तर भरकटतं.

हे लिहिता लिहिताच सुचलं: मे २०२४मध्ये एल१च्या आसपास विंड, एस, डिस्कव्हर आणि आदित्य-एल१ अशी चार यानं होती! चार ठिकाणच्या वेळा मिळाल्या, की आघाडीची दिशा आणि वेग दोन्ही निघतात, फक्त चौघं एका प्रतलात नकोत. को-प्लॅनॅरिटी गेली खड्ड्यात. सुरुवात १० मे २०२४च्या शॉकपासून. तो पृथ्वीला साधारण १७ यूटीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार १७ वाजता) पोचला, तेव्हा गोज-१६ नेमका दुपारच्या बाजूला होता. विंडच्या फायली उतरवायला लावल्यात.