कवळीपासून टाळूच्या प्लेटपर्यंत : आमची वाटचाल

नागपुरात मेडिकल चौकाजवळ आमची दातांची लॅब आहे. २००५ साली सुरू केली तेव्हा काम ठरलेलं होतं: कॅप, ब्रिज, कवळ्या. डॉक्टर माप पाठवणार, आम्ही प्लास्टर ओतून मॉडेल काढणार, दात बसवून परत पाठवणार. लॅबवाल्याला पेशंटचं तोंड सहसा दिसत नाही, पण प्लास्टरवरूनही पुष्कळ कळतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडून येणारी कितीतरी मापं बघून आम्ही चरकायचो. पंचविशीतल्या पोराच्या तोंडात माप घ्यायचा नेहमीचा ट्रे जात नाही म्हणून डॉक्टरांनी लहान मुलांचा ट्रे वापरलेला, नाहीतर दोन तुकड्यांत माप घेऊन आमच्याकडे जुळवायला पाठवलेलं.

कारण खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि दिवसभर गालात ठेवायचा. सुपारीमुळे गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं, तिखट सोसत नाही, तोंड उघडणं कमी कमी होतं. दातांचे डॉक्टर याला ओएसएमएफ म्हणतात. यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. ‘मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो’ असं सांगणारे आमच्या ओळखीत आजही आहेत. नुसती सुपारीही कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली, पण खर्रा पानटपरीवर ताजा घोटून मिळतोच.

जबड्याच्या कामाकडे आम्ही वळलो ते एका प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात-जबडे बसवणाऱ्या डॉक्टर मॅडममुळे. कर्करोगामुळे वरचा अर्धा जबडा काढलेल्या एका पेशंटचं मॉडेल घेऊन त्या स्वतः लॅबमध्ये आल्या. टाळूला भोक राहिलं की पाणी प्यायलेलं नाकातून येतं आणि बोललेलं घरच्यांनाही समजत नाही. ते भोक बंद करणारी प्लेट म्हणजे ऑब्चुरेटर. पेशंट ‘टाळूची प्लेट’ म्हणतात. मॅडमनी टेबलाशी बसून आमच्या पोरांना शिकवलं. भोकात बसणारा अ‍ॅक्रिलिकचा गोळा भरीव केला तर वजनाने प्लेट खाली ओघळते, म्हणून तो पोकळ करून वर झाकण चिकटवायचं. आजही प्रत्येक गोळा आम्ही पाण्याच्या भांड्यात दाबून धरतो. बुडबुडा आला की सांधा कच्चा. पुन्हा उघडायचा, पुन्हा बंद करायचा. असा गोळा बाहेर गेला तर आत पाणी मुरतं आणि दोन-चार महिन्यांत प्लेटला वास मारायला लागतो.

धंद्याच्या हिशेबात हे काम बसत नाही. एका ऑब्चुरेटरच्या वेळात कितीतरी कॅप होतात. पण कॅपांच्या पैशावर हे काम चालवायचं, असं आम्ही घरात आणि लॅबमध्ये मिळून ठरवलं, आणि ते चाललं आहे.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. या उपचारात दातांच्या डॉक्टरची गरज फक्त शेवटी नसते, सुरुवातीलाच असते. शस्त्रक्रियेआधी माप घेतलं असेल तर सर्जन मॉडेलवर पेन्सिलने कापायची रेघ मारून देतात, आम्ही त्या रेघेपर्यंतचे प्लास्टरचे दात काढून प्लेट आधीच तयार ठेवतो, आणि ती ऑपरेशन टेबलवरच बसते. पेशंट शुद्धीवर येतो तेव्हा टाळू झाकलेली असते. माप घेतलेलं नसेल तर सुजलेल्या, दुखऱ्या तोंडात ट्रे घालावा लागतो. खालचा जबडा कापल्यावर उरलेला भाग एका बाजूला ओढला जातो. त्याला वळण लावणारी गाइड प्लेटही जितकी लवकर, तितकी बरी.

रेडिएशनचं तर याहून महत्त्वाचं. खराब दात काढायचे असतील तर शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढावेत, म्हणजे जखम भरते. शेक दिलेल्या हाडातून नंतर दात काढला तर हाड सडण्याचा धोका आयुष्यभर राहतो. लाळ आटते, दात हिरडीपाशी भराभर किडतात. त्यासाठी फ्लोराइडचं औषध भरून रोज दातांवर बसवायचे ट्रे आम्ही बनवतो. साधी पारदर्शक वस्तू आहे, पण तिने कितीतरी दात वाचतात.

उपचारही आमच्या डोळ्यांदेखत बदलले. तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी वाट न बघता पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या तर जास्त पेशंट जगतात, हे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं: तीन वर्षांनी ६७.५ ऐवजी ८० टक्के. बऱ्या न होणाऱ्या टप्प्यावरच्या पेशंटना नेहमीच्या गोळ्यांसोबत निवोलुमॅब या प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या महागड्या औषधाचा अवघा २० मिलिग्रॅमचा डोस देऊनही वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं, हाही टाटाचाच अभ्यास, २०२२ मधला. नेहमीच्या डोसचा बारावा भाग! गरिबाच्या आवाक्याचा विचार करून कोणी संशोधन केलं की फार बरं वाटतं. आम्ही थ्रीडी प्रिंटर घेतला तोही याच कामासाठी. सीटी स्कॅनवरून जबडा छापून दिला की सर्जन टायटॅनियमची पट्टी आदल्या दिवशीच वाकवून ठेवतात, पायाचं हाड जबड्याला लावताना टेबलावरचा वेळ वाचतो.

तरीही मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते साधं बघणं. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली, तर तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दातांच्या डॉक्टरसमोर तर माणूस स्वतःहून तोंड उघडून बसतो. पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर बायोप्सीला पाठवायला उशीर का करायचा?

म्हणून आम्ही लॅबच्या ऑर्डर फॉर्मवर दोन ओळी छापल्या: ‘गाल, जीभ, टाळू तपासली का? तोंड किती मिलिमीटर उघडतं?’ काही डॉक्टरांना आगाऊपणा वाटला, एक-दोघांनी कामही थांबवलं. बाकीचे भरून पाठवतात. आणि कवळी त्याच जागी पुन्हा घासायला आली की आमची ताई मशीनला हात लावण्याआधी फोन करते, ‘डॉक्टर, मागच्या खेपेला इथेच घासलं होतं. जखम एकदा बघून घ्या ना जी.’

बाहेरगावच्या डॉक्टरांना एवढंच सांगणं: जबड्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की पेशंट नागपूर-मुंबईला निघण्याआधी वरचं-खालचं माप घ्या, प्लास्टर ओता आणि मॉडेल थर्माकोलमध्ये बांधून एसटीच्या पार्सलने पाठवा. डब्यावर ‘शस्त्रक्रियेपूर्वी’ लिहा. तो डबा आमच्याकडे रांगेत थांबत नाही.