नैवेद्य देवाचा, हिशेब आयुक्तांचा

धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की राज्यघटनेच्या कलम 25 चं पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं: धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क. देवस्थानांच्या भांडणात मात्र रोज कामाला येतं ते त्याच कलमाचं दुसरं पोटकलम. धर्माचरणाला जोडून येणाऱ्या आर्थिक आणि इतर ऐहिक व्यवहारांचं नियमन सरकार कायद्याने करू शकतं, असं ते सांगतं. म्हणजे नैवेद्य कसला दाखवायचा हे सरकार ठरवणार नाही, पण दानपेटीचा हिशेब मागू शकेल.

महाराष्ट्रात ही रेघ आखली ती रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्याने, मार्च 1954 मध्ये. त्याच महिन्यातल्या, उडुपीच्या शिरूर मठाच्या निकालाचं नाव सगळे घेतात. रतिलालकडे फारसं कोणी वळत नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याला जैन देरासराच्या, म्हणजे मंदिराच्या, व्यवस्थापकांनी आणि पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी आव्हान दिलं होतं. नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण हे सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलं. धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा एकमेव विश्वस्त नेमायची तरतूद मात्र उडवली, कारण मठाधिपतीच्या जागी सरकारी अधिकारी बसला तर व्यवस्थापन नव्हे, धर्मच हातात जातो. ट्रस्टांकडून घेतली जाणारी वर्गणी हा कर नसून सेवेचं शुल्क आहे, म्हणून एखाद्या धर्मासाठी कर घ्यायला मनाई करणारं घटनेचं कलम 27 आड येत नाही, हेही तिथेच ठरलं.

सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या व्याख्येत मंदिर, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी सगळे एकत्र होते. वक्फसाठी पुढे 1995 चा वेगळा कायदा आणि वक्फ मंडळ आलं. शिर्डी, पंढरपूर, सिद्धिविनायक यांचेही स्वतंत्र कायदे आहेत. तेव्हा आधी आपलं देवस्थान कोणत्या कायद्याखाली येतं ते पाहावं. चुकीच्या दारात अर्ज टाकून वर्षं घालवणारे कमी नाहीत.

सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू असेल तर पहिलं काम म्हणजे पीटीआरचा (सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा), म्हणजे परिशिष्ट एकचा, प्रमाणित उतारा काढणं. दुसरं, ट्रस्टची योजना, म्हणजे त्याच्या कारभाराची नियमावली, मिळवणं. हाजी अलीचा निकाल त्या योजनेमुळेच समजतो. 2011-12 च्या सुमारास तिथे मजारीपाशी, म्हणजे पिराच्या कबरीपाशी, जायला स्त्रियांना बंदी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने 26 ऑगस्ट 2016 रोजी ती रद्द केली. ट्रस्टच्या योजनेत विश्वस्तांना व्यवस्था पाहायचे अधिकार होते. दर्शन कोणी घ्यावं हे ठरवायचे नव्हते. ऑक्टोबरमध्ये ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात स्वतःहून प्रवेश देण्याचं मान्य केलं.

उताऱ्यावर पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे विश्वस्तांची नावं. विश्वस्त वारला, नवा आला, तर याच कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. गावोगावच्या देवस्थानांत नेमकं इथेच अडतं. रिपोर्ट राहून जातो, उताऱ्यावर मयतांची नावं तशीच असतात, मग दोन गट दोन निवडणुका घेतात आणि दोन रिपोर्ट दाखल होतात. जमीन विकायची म्हटली की कलम 36 ची पूर्वपरवानगी हवी; शेतजमिनीचा 10 वर्षांवरचा आणि बिगरशेती जागेचा 3 वर्षांवरचा भाडेपट्टाही त्यातच येतो. परवानगीविना केलेलं खरेदीखत सहसा टिकत नाही, मग ग्रामसभेने कितीही एकमताने ठराव केलेला असो.

मंदिर खासगी की सार्वजनिक, हा वाद दिवाणी न्यायालयात नेऊ नये. तो कलम 79 खाली उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांपुढे चालतो. गैरव्यवहारासाठी कलम 50 चा दावा आहे: हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती आणि धर्मादाय आयुक्तांची आगाऊ लेखी संमती. भाविक म्हणून नियमित पूजेला जाणाराही हितसंबंधी ठरतो.

पुजाऱ्याचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. सर्वोच्च न्यायालयाच्या 1972 च्या शेषम्मल निकालाने सांगितलं की पुजारी नेमणं हे ऐहिक काम, नेमल्यावर तो करतो ती पूजा धार्मिक. पंढरपूरच्या 1973 च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले. कोर्टकचेरी जानेवारी 2014 पर्यंत चालली, आणि सर्वोच्च न्यायालयात बडवे हरल्यावर त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी जात न पाहता, स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. विठ्ठलाची नित्यपूजा मात्र कायद्याने बदलली नाही.