जॅरी पार्क : एक्स्पोजचे पहिले मैदान

मे 1968 मध्ये अमेरिकेतील मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या दोन शाखांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगने कॅनडातील मॉन्ट्रियलला बेसबॉल संघ दिला; तोच एक्स्पोज. अमेरिकेबाहेरच्या शहराला मेजर लीगमध्ये प्रथमच स्थान मिळत होते, परंतु त्या संघाला खेळण्याजोगे मैदानच नव्हते. छताच्या स्टेडियमचे आश्वासन कागदावर राहिले होते आणि ऑटोस्टेड हे शहरातले दुसरे स्टेडियम वाढवून वापरण्याचा बेतही बारगळला होता. अखेर ऑगस्टमध्ये महापौर ज्याँ द्रापो यांनी लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांना जॅरी पार्क या सार्वजनिक उद्यानातले सुमारे 3,000 आसनांचे हौशी खेळाडूंचे मैदान दाखवले. जाइल्स यांना ते पसंत पडले, आणि माझ्या मते संघ वाचला तो याच भेटीत.

पुढील काही महिन्यांत आसनसंख्या 28,456 पर्यंत वाढवण्यात आली. प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. 14 एप्रिल 1969 रोजी येथे पहिला सामना झाला, तेव्हा वितळलेल्या बर्फाने जमीन भुसभुशीत झाली होती. तरीही आदल्या वर्षीच्या नॅशनल लीग विजेत्या सेंट लुईस कार्डिनल्सना एक्स्पोजनी 8-7 असे हरवले. एक्स्पोजच्या मॅक जोन्सच्या होम रनने (चेंडू कुंपणापलीकडे मारण्याने) त्या दिवशी प्रेक्षकांना जे वेड लावले, त्यातूनच डाव्या बाजूच्या स्वस्त बाकांना ‘जोन्सव्हिल’ हे नाव पडले.

मैदानातले दोष उघड होते. मावळतीचा सूर्य फर्स्ट बेसवरच्या खेळाडूच्या थेट डोळ्यांवर येत असल्यामुळे कधीकधी खेळ थांबवावा लागे. उजव्या कुंपणापलीकडे सार्वजनिक जलतरण तलाव होता, आणि पिट्सबर्गच्या विली स्टार्जेलने आपले चेंडू तिथवर पोहोचवले. पहिल्या हंगामात संघ 110 सामने हरला, तरी 12 लाखांहून अधिक लोक आले. बाके खेळाडूंच्या इतकी जवळ होती की पराभूत संघही लोकांना आपला वाटत असे. हेच या मैदानाचे खरे वैभव होते, असे मी आग्रहाने म्हणेन. 2 ऑक्टोबर 1972 रोजी एक्स्पोजच्या बिल स्टोनमनने न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध येथेच नो-हिटर टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट (फटका मारून बेस गाठणे) मिळू दिला नाही; तो अमेरिकेबाहेरचा मेजर लीगमधील पहिला ठरला.

तात्पुरती म्हणून केलेली ही सोय आठ हंगाम चालली. 1977 मध्ये संघ प्रशस्त ऑलिंपिक स्टेडियममध्ये गेला. जॅरी पार्कच्या जागी पुढे टेनिसचे स्टेडियम उभे राहिले आणि जुन्या प्रेक्षागाराचा काही भाग त्यातच सामावून घेण्यात आला.