पंधरा वर्षांच्या मोटारसायकलचं पासिंग

बाबांनी ही शंभर सीसीची मोटारसायकल २०१० साली घेतली. दूध डेअरीला नेणं, उसाला पाणी द्यायला बांधावरून जाणं, माझं कॉलेज, आईचा दवाखाना, सगळं तिच्यावर झालं. मे महिन्यात विमा भरायला आरसी काढली तेव्हा तारीख दिसली. नोंदणी २१ जुलै २०२५ ला संपत होती.

ज्याला विचारावं तो एकच सांगे, "पंधरा वर्षं झाली, आता भंगारात घाल." भंगारवाला सहा हजार द्यायला तयारही होता. पंधरा वर्षांनी गाडी बाद होते हा समज लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातल्या पेट्रोल गाड्यांसाठी निघाला होता. आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी संपते, गाडी नव्हे. तपासणीत पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात, आणि त्यानंतर पुन्हा पाच. आमच्या गाडीचं इंजिन एकदाही खोललेलं नव्हतं. पावसाळ्यातही दुसऱ्या किकला सुरू होणारी गाडी भंगारात घालायला माझं मन घेईना.

मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. फॉर्म २५ परिवहनच्या पोर्टलवर भरला. ओटीपी बाबांच्या जुन्या नंबरवर जात होता, तो नंबर बदलून घेण्यात चार दिवस गेले. नूतनीकरणाची फी एक हजार (एप्रिल २०२२ च्या आधी हीच तीनशे होती) आणि पाच वर्षांचा पर्यावरण कर दोन हजार. शिवाय नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट, पाचशे एकतीस रुपये. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला तीनशे दंड असतो, म्हणून मी जूनमध्येच कामाला लागलो.

पहिली अडचण पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीची आली. आमच्या गाडीच्या काळातल्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आहे. मशीनवर आकडा आला चार पूर्णांक सहा. गाडी धूर मारत नव्हती, ॲव्हरेजही बरं देत होती, त्यामुळे मला मशीनचाच संशय आला. गॅरेजवाल्या मामांनी एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि आतला फिल्टर माझ्या हातात दिला. डेअरीच्या रस्त्याची धूळ त्यावर थापल्यासारखी बसली होती. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मग ते नीट जळणार कसं? नवा फिल्टर टाकला, कार्बोरेटर साफ केला, मिक्स्चरचा स्क्रू लावून घेतला. त्याच मशीनवर आकडा दोनच्या खाली आला.

मामा तेव्हाच म्हणाले होते, "पोरा, हँडल जरा धरतंय. कोन सेट बघून घेऊया." कोन सेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या वाट्या आणि छर्रे. मी म्हटलं, पासिंग होऊ दे, मग बघू. जो तो सांगत होता की आरटीओत नुसता चेसिस नंबर बघतात आणि सोडतात. मी त्यावर विसंबलो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तपासणीची तारीख मिळाली. गाडी धुऊन, पुसून नेली. निरीक्षक साहेब पन्नाशीचे होते. आधी त्यांनी चेसिस नंबर पाहिला. हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर तो ठोकलेला असतो. आमचा वायरिंगच्या मागे गंज आणि ग्रीसच्या थराखाली गेला होता. सतरातली अकराच अक्षरं वाचता येत होती.

मग त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घ्यायला लावली. मला मागे बसवून पुढचं चाक उचललं आणि दोन बोटांनी हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलं. हँडल मध्यावर येऊन अडकलं. आवाज असा आला नाही, पण खाचेत बसल्यासारखं ते तिथे थांबलं. "अहो, हे बघा," म्हणाले आणि माझा हात हँडलवर ठेवला. रोज चालवत होतो मी ही गाडी, पण ती खाच मला कधीच जाणवली नव्हती.

पुढचा ब्रेक दाबला तर मागचा दिवा लागत नव्हता, पायाच्या ब्रेकवरच लागत होता. मागच्या ब्रेकच्या रॉडचा नट शेवटच्या आट्यावर आला होता, म्हणजे लायनर (चाकाला घासून गाडी थांबवणारे ब्रेकचे पट्टे) संपलेले आणि वर आवळायला जागा उरलेली नाही. टायर मात्र ठीक निघाले. दुचाकीच्या टायरवर किमान शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर नक्षी लागते, आमच्यावर त्याहून बरीच होती.

शेवटी ते गाडीच्या डाव्या बाजूला गेले. "साडी गार्ड कुठंय?"

तो मी कॉलेजात असताना काढून टाकला होता. मोकळं चाक तेव्हा मला बरं दिसायचं. मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी हवीच, असं मोटार वाहन नियम १२३ सांगतो. "मागं कोण बसतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आई. ते पुढे काही बोलले नाहीत, कागदावर लिहीत राहिले. आई डाव्या बाजूला पाय सोडून, पदर मुठीत धरून बसते. इतकी वर्षं तो पदर मोकळ्या चाकापासून वीतभर अंतरावर होता, आणि तिने मला एकदाही सांगितलं नाही की जाळी परत लाव. मला फार लागलं ते. घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

पासिंग झालं नाही. दुरुस्त करून पुन्हा या, असं सांगितलं. मला त्यांचा राग आला नाही. काढलेली एकही चूक खोटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामांनी पुढचा भाग पूर्ण उतरवला. कोन सेटची खालची वाटी पुसून त्यांनी मला उजेडात धरून दाखवली. पोलादाच्या चकचकीत कडेवर एका ओळीत बारीक खळगे पडले होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. ग्रीस कधीच वाळून गेलेलं. गाडी सरळ चालते तेव्हा छर्रे एकाच जागी असतात, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच जागी बसतो. मग हँडल तिथेच अडकायला लागतं. चालवणाऱ्याला वाटतं गाडी सरळ धावतेय, आणि वळणावर ती मनासारखी झुकत नाही. घाटात मला तसं होत होतं. मी टायरला दोष देत होतो.

नवा कोन सेट, मागचे लायनर, पुढच्या ब्रेकचा स्विच आणि साडी गार्ड, मजुरीसकट दोन हजारांच्या आत काम झालं. चेसिस नंबर मी स्वतः केला. रॉकेलचं बोट, मऊ कापड, जराही खरवडायचं नाही, कारण अक्षर झिजलं तर वेगळंच लचांड. तासाभरात सतराही अक्षरं वर आली. पेन्सिल फिरवून कागदावर छाप घेतला तर एकही तुटलं नव्हतं.

हे सगळं होताना चुलत्यांचा टेम्पो सारखा डोळ्यांपुढे येत होता. माल वाहणारी गाडी म्हणून आठ वर्षांपर्यंत त्याला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. चुलते त्या खर्चाला वैतागतात, पण त्यांच्या टेम्पोचे ब्रेक लायनर कधी संपलेले नसतात. आमच्या गाडीकडे पंधरा वर्षं कुणी परक्या नजरेने पाहिलंच नाही. इंजिन सुरू होतंय ना, मग गाडी चांगली, एवढाच आमचा हिशोब. तपासणीत इंजिनाकडे तर कुणी फारसं बघितलंही नाही. थांबवणारं, वळवणारं, मागच्याला दिसणारं आणि मागे बसलेल्याला सांभाळणारं, तेवढंच बघितलं, आणि तिथेच आम्ही कमी पडलो होतो.

१६ जुलैला पुन्हा गेलो. तेच निरीक्षक. हँडल फिरवलं, दोन्ही ब्रेकवर दिवा बघितला, जाळीला हात लावून हलवून पाहिली. दहा मिनिटांत सही झाली. नवी आरसी पोस्टाने आली, २१ जुलै २०३० पर्यंतची.

संध्याकाळी बाबा अंगणात आले. काही न बोलता त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागच्या बाजूला भार देऊन पुढचं चाक उचललं आणि एका बोटाने हँडलला हलकंच ढकललं. ते सरळ दुसऱ्या टोकाला गेलं.

"ग्रीस कुठलं भरलंय?" त्यांनी विचारलं.